संस्थापकानंतर कोण, याच्या आधीचा प्रश्न

मुंबईतल्या पर्यावरण संस्थांमध्ये सध्या पिढी बदलते आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यांनी खाडीतले भराव अडवले, हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, सुट्टीचे दिवस गुडघाभर चिखलात काढले, ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि एकेका संस्थेची सूत्रं दुसऱ्या हातांत जात आहेत. असा बदल झाला की वादही ठरलेला असतो. अलीकडे खाडीकाठच्या वस्त्यांना सोबत घेऊन तिवरांचं, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कांदळवनाचं, काम करणाऱ्या एका संस्थेत संस्थापक पायउतार झाले, कंपनीतला अनुभव असलेला प्रमुख बाहेरून आला आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, संस्था म्हणजे तो माणूसच होता, आता मागे उरलं ते लेटरहेड. दुसरा म्हणतो, भावनेवर संस्था चालत नाहीत, आता शिस्त आणि हिशेब येऊ द्या. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला फार खटकली. ज्या कोळणी पावसाळ्यात तिवरांच्या बिया गोळा करतात, रोपवाटिकेत पिशव्या भरतात आणि ओहोटीला रोपं घेऊन चिखलात उतरतात, त्यांना या बदलाबद्दल काय वाटतं, हे दोहोंपैकी कोणीही विचारलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रमुखाच्या खुर्चीत कोण बसतो हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, ज्यांच्या खाडीत किंवा ज्यांच्या पाड्यावर हे काम चालतं, त्यांच्यापैकी कोणाला विश्वस्तांच्या बैठकीत बसून ‘इथे लावू नका’ असं म्हणता येतं का? आणि म्हटलं तर काम थांबतं का? थांबत असेल, तर संस्थापक गेला तरी संस्था तगेल. थांबत नसेल, तर संस्थापकाचा वारस कितीही लायक असो, तिथे माणूस बदलला, बाकी काही बदललं नाही.

संस्थापकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. मुंबईत आज जी काही तिवरं उभी आहेत, त्यांतली बरीचशी मूठभर हट्टी माणसांमुळे उभी आहेत. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभरातल्या तिवरतोडीला मनाई केली आणि तिवरांभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात भराव-बांधकाम थांबवलं. त्याच प्रकरणात १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तिवरांचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, असं म्हटलं. राज्य सरकारचा कांदळवन कक्ष २०१२ साली आला, तोही या लढाईच्या वाटेनेच. एका प्रकरणात तेरा वर्षं टिकून राहणं, प्रत्येक तारखेला कागद घेऊन उभं राहणं, हे कुठल्या सभेच्या ठरावाने होत नाही. त्याला झपाटलेली माणसं लागतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह यांनी कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हाही त्यांनी कोणा मंडळाची परवानगी मागितली नव्हती. सगळ्यांना विचारत बसलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं, असं कोणी म्हटलं तर मी ते मान्य करतो.

पण हीच पद्धत दुसऱ्या ठिकाणी काय करून गेली, तेही पाहायला हवं. तिवरांची याचिका करणाऱ्या त्याच ॲक्शन ग्रुपने १९९५ साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या अतिक्रमणांविरुद्ध याचिका केली. १९९७ च्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. रान वाचलं, हे खरं. पण उद्यान व्हायच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्या वारली आदिवासींनाही ‘आम्ही अतिक्रमण केलेलं नाही’ हे कोर्टात सिद्ध करत बसावं लागलं. ज्या माणसांना त्या जंगलातली प्रत्येक पाऊलवाट आणि प्रत्येक पाणवठा ठाऊक होता, जी जंगलाची पहिली राखणदार व्हायला हवी होती, ती प्रतिवादीच्या बाजूला जाऊन पडली. याचिका करणाऱ्यांची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण ‘झोपडी आणि पाडा यांत फरक आहे, थांबा’ असं आतून सांगणारं त्यांच्या खोलीत कोणी नव्हतं. खाडीत ज्या हट्टाने तिवरं वाचली, त्याच हट्टाने रानात माणसं दुखावली. मग आपण नुसता हट्टी माणूस शोधत राहिलो, तर पुढच्या वेळी त्याचा हट्ट कोणत्या बाजूला पडेल याची हमी कोण देणार?

व्यावसायिक प्रमुख हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दाही मला पटतो, आणि पहिल्या तटातली मंडळी तो ऐकूनच घेत नाहीत याचं वाईट वाटतं. आज संस्था चालवणं हे कागदांचं मोठं काम झालं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं भाग पाडलं, आणि तो पैसा पर्यावरणाकडेही वळला. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने असा पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. म्हणजे कोळीवाड्यातल्या एखाद्या छोट्या महिला मंडळाला मोठ्या संस्थेमार्फत मिळणारा निधीही थांबला. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला नाही, किंवा त्यावर कोणी हरकत घेतली, की भलीभली संस्था वर्षानुवर्षं त्या कार्यालयाच्या बाकांवर अडकते. हे सगळं सांभाळायला शिकलेला, पगार घेणारा, वेळेवर येणारा माणूस हवाच. त्यागाच्या नावाखाली हिशेब न ठेवण्याची जी सवय आपल्याकडच्या काही संस्थांना लागली होती, तिचा मला अजिबात अभिमान नाही.

अडचण पुढे सुरू होते. कंपनीचा पैसा आर्थिक वर्षाने येतो आणि रोपांच्या आकड्याने मोजला जातो. मार्चअखेर किती रोपं लावली? फोटो कुठे आहेत? खाडीचं चक्र वेगळं असतं. तिवराचं बी पावसाळ्याच्या दिवसांत पिकतं, आणि रोप जगणार की नाही हे ठरतं ते त्या जागेवर भरतीचं पाणी किती वेळ उभं राहतं यावर. फार खाली, उघड्या चिखलावर लावलं तर ते बुडून मरतं किंवा लाटेबरोबर जातं. फार वर लावलं तर खारं पाणी पोहोचतच नाही. फिलिपाइन्समध्ये सरकार आणि संस्थांनी मिळून वर्षानुवर्षं लाखो रोपं चुकीच्या उंचीवर लावली आणि त्यांतली बहुतेक मेली. याउलट तमिळनाडूत पिचावरमला एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने नव्वदच्या दशकात गावकऱ्यांना घेऊन आधी चर खणले, माशाच्या काट्यासारखे, मुख्य चरातून फुटणारे उपचर, आणि अडलेलं भरतीचं पाणी आत येऊ दिलं. पाणी खेळू लागल्यावर झाडं तगली. खाडीचं पुनरुज्जीवन म्हणजे मुख्यतः पाण्याची वाट मोकळी करणं, लागवड त्यानंतरची. आता मला सांगा, मोकळ्या केलेल्या चराचा फोटो कोणत्या कंपनीच्या वार्षिक अहवालाला आवडेल?

आणि मुंबईत याला आणखी एक पदर आहे. ठाणे खाडीत पूल, भराव, सांडपाणी यांमुळे गाळ साचत गेला आणि त्या गाळावर तिवरं पुढे पुढे सरकली. उपग्रहाच्या नकाशावर हिरवा रंग वाढलेला दिसतो आणि आपण आनंदतो. पण तो हिरवा रंग ज्या उघड्या चिखलावर चढला, तिथेच रोहित पक्षी शेवाळ टिपायला येतात. त्यांच्यासाठीच तर २०१५ साली तिथे अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ साली त्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. त्याच चिखलात कोळणी निवट्या, चिंबोऱ्या, कालवं शोधतात. तिवरांनी आमचं बंदर खाल्लं, होडी लावायला जागा राहिली नाही, अशी कोळ्यांची तक्रार ऐकली की आपल्यातल्या अनेकांना ती पर्यावरणविरोधी वाटते. मला ती खाडीच्या तब्येतीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नेमकी नोंद वाटते. गाळ कुठे चढला, प्रवाह कुठे अडला, हे कोळीण यंत्राशिवाय सांगते. उघड्या चिखलावर दहा हजार रोपं लावायचा प्रस्ताव आला तर नवा प्रमुख त्याला नाही म्हणेल का? ज्याचं वर्षाचं मूल्यमापन त्या निधीवर आहे, त्याने नाही म्हणावं अशी अपेक्षा करणं त्याच्यावरच अन्याय आहे. नाही म्हणण्याचा अधिकार अशा कोणाकडे हवा, जिचं पोट त्या चिखलावर आहे.

इथे कोणी माहीमचं निसर्ग उद्यान पुढे करील, आणि ते उदाहरण खरोखर भक्कम आहे. धारावीच्या कडेला मिठी नदीकाठी शहराचं कचऱ्याचं मैदान होतं. त्यावर माती आली, झाडं आली आणि १९९४ साली ३७ एकरांचं उद्यान लोकांसाठी खुलं झालं. तिथे कोणा ग्रामसभेला विचारलं नव्हतं. तज्ज्ञांनी आणि सरकारी यंत्रणेने मिळून ते केलं आणि उत्तम केलं. मान्य. पण त्याला कुंपण आहे, दार आहे, तिकीट आहे, आणि त्या जागेवर कोणाचं रोजचं जगणं चाललेलं नव्हतं. खाडीला कुंपण घालता येत नाही. गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या २७ आदिवासी पाड्यांभोवती भिंत बांधता येत नाही. जिथे माणसं आणि झाडं एकाच जागेवर जगतात, तिथे उद्यानाचा अनुभव फार उपयोगी पडत नाही.

आपल्याच इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवता येतात. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला. आजन्म सेवेची शपथ घेणारे, निवडून घेतलेले, थोडे पण तावून सुलाखून निघालेले सभासद. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले गेले. गांधींनी समाजात यावं अशी त्यांची इच्छा होती, पण सभासदांत एकमत होईना, तेव्हा गांधींनीच आपला अर्ज मागे घेतला आणि श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. वारस कोण, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. समाज टिकला, त्याच्या सभासदांनी मोठी कामं उभी केली, ना. म. जोशींनी मुंबईच्या कामगारांत, ठक्करबाप्पांनी भिल्लांत. पण कामगार आणि भिल्ल हे समाजाच्या कामाचे विषय राहिले, समाज चालवणारे झाले नाहीत. नियम शाबूत राहिले आणि प्रभाव ओसरत गेला.

दुसरीकडे भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, राबली, कमवून शिकली. १९५९ साली कर्मवीर गेले. त्यांच्याइतका करारी, त्यांच्याइतका मोठा माणूस मागे कोण होता? कोणीच नव्हता. तरी संस्था वाढत गेली. आज तिच्या शाखा सातशेच्या वर आहेत. कारण ज्या मुलांसाठी ती निघाली होती, तीच मुलं शिकून तिचे शिक्षक झाली, आजीव सेवक झाली, तिचा कारभार पाहू लागली. वारस शोधायला बाहेर जावं लागलं नाही. रयतच्या पुढच्या वाटचालीत राजकारणाचा शिरकाव झाला, हे मला ठाऊक आहे आणि ते मला आवडत नाही. पण संस्थापक गेल्यावर संस्था कशी टिकते, या प्रश्नावर महाराष्ट्रात यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

पर्यावरणाच्या क्षेत्रात हेच मेंढा-लेखाने दाखवलं. गडचिरोलीतल्या या गोंड गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. अभ्यासगट बसतात, बाहेरचे जाणकार तिथे येऊन माहिती देतात आणि निर्णय गाव घेतं. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ साली आपल्या बांबूचे वाहतूक परवाने त्याने स्वतःच्या हाती घेतले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने उजाड रान परत उभं केलं, ते गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमांच्या आणि दंडाच्या जोरावर. पवार शिकले आणि गावातच राहिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ती एका नेत्याला मिळाली, हे खरं. पण त्या रानाची राखण रोज करणारा गाव आहे.

‘मुंबई म्हणजे मेंढा नव्हे’, हा यावरचा नेहमीचा आक्षेप, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. इथले कोळीवाडे एकजिनसी राहिलेले नाहीत. पक्षांचे कार्यकर्ते आहेत, भाडेकरू आहेत, पुनर्विकासाची स्वप्नं दाखवणारे आहेत. रात्री राडारोड्याचा ट्रक खाडीत रिकामा होतो तेव्हा त्याला वाट दाखवणारा हात कधीकधी गावातलाच असतो. समाज म्हणजे संत नव्हेत. हे सगळं कबूल करूनच मी बोलतो आहे. पण या आक्षेपाच्या पोटात एक गोष्ट आहे जी आक्षेप घेणारे पाहत नाहीत. मेंढ्याला ग्रामसभा आहे. शहरात ती नाही. महापालिकेच्या हद्दीतल्या कोळीवाड्याला किंवा पाड्याला एकत्र बसून कायद्याने मान्य होईल असा ‘नाही’ म्हणायची जागाच नाही. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचं घोंगडंसुद्धा वर्षानुवर्षं भिजत पडलं. मग अशा शहरात पर्यावरण संस्थेचं विश्वस्त मंडळ ही किनाऱ्यावरच्या माणसांना मिळू शकणारी जवळजवळ एकमेव जागा उरते. मुंबई मेंढा नाही, म्हणूनच ही जागा इथे जास्त गरजेची आहे.

शिवाय, मालकी लोकांकडे असली की लढा किती काळ टिकतो, हे आपण आरेत पाहिलं आहे. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा तिथे पोहोचलेल्यांत पाड्यांवरचे वारली होते, विद्यार्थी होते, नोकरी करणारे होते. २९ जणांना अटक झाली. तिघा-चौघांना उचललं की थंडावेल असं ते आंदोलन नव्हतं, कारण त्याला एकच एक अध्यक्ष नव्हता. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. कारशेड शेवटी आरेतच झाली. ती हार आहे आणि मी ती झाकणार नाही. पण २०२० साली आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, ती या रेट्यामुळे.

हे करायचं कसं, तेही अवघड नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक स्वयंसेवी संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदवलेल्या असतात. त्यांच्या नियमावलीत सभासदत्व वाढवता येतं. नव्या प्रमुखाच्या नेमणुकीबरोबरच विश्वस्तांच्या निदान एक तृतीयांश जागा ज्या वस्त्यांत काम चालतं तिथल्या माणसांना, त्यांतल्या निम्म्या बायकांना द्याव्यात. संस्थेने परस्पर निवडलेले ‘आपले’ लोक तिथे नकोत. वस्तीच्या सभेने नावं द्यावीत, ठरावीक मुदतीने बदलावीत. आणि नियमावलीत एक कलम स्पष्ट लिहावं, की त्या जागेच्या प्रतिनिधींची संमती नसेल तर तिथे लागवड, खोदाई, कुंपण यांतलं काहीही होणार नाही. कोणाचा डाव राडारोड्याच्या ट्रकशी जुळलेला असेल तर काय, असं विचारलं जाईल. हे ‘नाही’ म्हणणं फक्त संस्थेच्या स्वतःच्या कामापुरतं आहे; भराव रोखायला कोर्टात जाण्याचा संस्थेचा अधिकार त्याने तसूभरही कमी होत नाही. कंपन्यांनीही पाच वर्षांचे करार करावेत आणि लावलेल्या रोपांऐवजी तिसऱ्या पावसाळ्यानंतर जगलेल्या रोपांचा आणि मोकळ्या झालेल्या पाण्याचा हिशेब मागावा. हे व्यावसायिक प्रमुखालाच चांगलं जमेल, म्हणूनच तो मला हवा आहे.

एक शेवटची अडचण मी स्वतः अनेकांच्या तोंडून ऐकली आहे: या बायका बैठकीला येतच नाहीत, मग जागा देऊन काय उपयोग? येत नाहीत, कारण बैठक महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी तीनला, फोर्टमधल्या कार्यालयात असते. खाडीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, पाणी सगळ्यात लांब ओसरतं तेव्हा, त्या कमाईच्या दिवसांत कोळीण चिखलात असते. बैठक भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, ठेवा, वस्तीच्या समाजमंदिरात ठेवा, मराठीत चालवा, इतिवृत्त मराठीत लिहा, आणि बुडालेल्या रोजाचं मानधन द्या. तिथी सांगितली की भरतीची वेळ ती बाई तिथीच्या पाऊणपटीने तोंडी काढून देते. बैठकीची तारीख तिलाच ठरवू द्या.